जपानात वर्षभर राहून लिहायचं म्हणता, तर शहर नंतर ठरवू

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय 29, मुक्काम कोल्हापूर, नोकरी सोडून चार वर्षं झाली. मुक्त लेखनातून महिन्याला सरासरी 65 हजार रुपये मिळतात. गिऱ्हाइकं बहुतेक मुंबईची, एक-दोन अमेरिकेची. गाठीला आठ लाख आहेत. आता लॅपटॉप घेऊन एक वर्ष जपानात राहायचं, दर महिन्याला नवं गाव पाहायचं, काम चालू ठेवायचं आणि परत आल्यावर त्यावर पुस्तक लिहायचं. विचारलंय एवढंच, की मुक्काम तोक्योत ठेवू की ओसाकात, आणि महिन्याला खर्च किती येईल.

खर्चाचा आकडा पुढे मांडते. पण त्याआधी तुमच्या प्रश्नाच्या पोटात एक दुसरा प्रश्न आहे, तो सोडवायला हवा: जपान सरकारच्या लेखी तुम्ही तिथे वर्षभर कोण म्हणून राहणार? पर्यटक, विद्यार्थी, नोकरदार, की आणखी कोणी? शहर, बजेट, किती फिरायला मिळेल, बँकेत खातं निघेल की नाही, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. माझ्याकडे दरवर्षी चार-पाच जण हाच बेत घेऊन येतात आणि प्रत्येकानं हॉस्टेलांची यादी आधी केलेली असते.

माझ्याबद्दल दोन ओळी. मी पुण्याची. तांत्रिक लेखन आणि भाषांतर करते. ऑक्टोबर 2018 ते ऑक्टोबर 2019 असं वर्षभर तोक्योत राहिले, भाषाशाळेची विद्यार्थिनी म्हणून. त्यानंतर अधूनमधून छोट्या फेऱ्या होतात. नियम बदलत असतात, त्यामुळे माझ्या वेळचं काय आणि आत्ताचं काय, हे जमेल तिथे वेगळं सांगते.

आधी बंद असलेली दारं बघू, म्हणजे वेळ वाचेल. तुम्ही 'डिजिटल नोमॅड व्हिसा'चा, म्हणजे लॅपटॉपवर परदेशातलं काम करत राहणाऱ्यांसाठीच्या व्हिसाचा, उल्लेख केलाय. तो जपाननं 2024 च्या मार्चअखेरीस सुरू केला. मुदत सहा महिने, वाढवून मिळत नाही. वर्षाचं उत्पन्न किमान 1 कोटी येन हवं, म्हणजे आपले साठेक लाख रुपये. आणि हे सगळं असलं तरी अर्ज फक्त त्याच देशांच्या नागरिकांना करता येतो, ज्यांचा जपानशी कराचा करारही आहे आणि ज्यांना अल्प मुक्कामासाठी व्हिसाची माफीही आहे. भारताशी कराचा करार आहे, माफी नाही. विषय संपला. वर्किंग हॉलिडेचंही, म्हणजे फिरता फिरता काम करायच्या व्हिसाचंही, तेच. 18 ते 30 वयाच्या तरुणांसाठी ती सोय तीसेक देशांशी आहे, पण त्या यादीत भारत नाही. यूट्यूबवर जे ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच लोक कॅफेत बसून लिहिताना दिसतात ना, ते बहुधा याच व्हिसावर असतात. त्यांचं वर्ष बघून आपलं वर्ष आखू नका.

एखादा एजंट 'कंपनी काढा, बिझनेस मॅनेजर व्हिसा मिळेल' असं सांगेल. पूर्वी त्याला 50 लाख येन भांडवल पुरायचं. ऑक्टोबर 2025 पासून ती अट 3 कोटी येनांवर गेली आहे. जुनी माहितीपत्रकं अजून फिरतात, म्हणून सांगितलं.

पर्यटक म्हणून गेलात तर 15, 30 किंवा फार तर 90 दिवस. कोरियाला जाऊन परत येऊ, पुन्हा 90 दिवस मिळतील, ही युक्ती आपल्या पासपोर्टवर चालत नाही, कारण आपल्याला व्हिसा आधी काढावाच लागतो. शिवाय पर्यटकानं मोबदल्याचं काम करायचं नसतं. हॉटेलातून मुंबईच्या संपादकाला दोन मेल पाठवल्या म्हणून कोणी दार ठोठावत नाही, हे मान्य. पण विमानतळावर अधिकारी 'इतके दिवस काय करणार?' असं विचारतो तेव्हा 'काम' म्हणता येत नाही आणि खोटं बोलायचं नसतं. असल्या पायावर वर्ष उभं राहत नाही.

मग उघडी दारं कोणती? ती तुमच्या कागदांवर अवलंबून आहेत. पदवी असेल आणि जपानमधल्या एखाद्या कंपनीनं भाषांतर, लेखन किंवा प्रसिद्धीच्या कामासाठी करार केला, तर नोकरीचा व्हिसा मिळू शकतो. पण कंपनी आधी, व्हिसा नंतर. बाहेरच्या वृत्तसंस्थेचा किंवा वर्तमानपत्राचा करार असेल तर पत्रकारांसाठी वेगळा प्रकार आहे, आणि तो मुक्त पत्रकारालाही मिळतो. फक्त कराराचा कागद भक्कम हवा, 'लेख पाठवा, आवडला तर छापू' असं पत्र चालत नाही. एखादी कला शिकायला, म्हणजे मातीकाम, चहाचा विधी, शामिसेन हे तंतुवाद्य यासाठी सांस्कृतिक कार्याचा व्हिसा असतो. त्यात कमाई करायची नाही. जपान सरकारच्या जेट कार्यक्रमातून शाळेत इंग्रजी शिकवायला जाता येतं, भारताला जागा अगदी थोड्या असतात. आणि शेवटचा रस्ता, जो मी घेतला: भाषाशाळा.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुमच्यासाठीही मला हाच दिसतो. मनाला फारसा रोमांचक वाटणार नाही. तिशीच्या उंबरठ्यावर सकाळी नऊ वाजता बाकावर बसून 'माझं नाव अमुक, मी भारतातून आलो' म्हणायचं. पण या एका रस्त्यात तीन गोष्टी एकदम हाती येतात: वर्षभराचा रीतसर मुक्काम, भाषा, आणि परवानगी काढली तर काम.

व्यवहार असा. शाळांचे प्रवेश मुख्यतः एप्रिल आणि ऑक्टोबरला, काही ठिकाणी जुलै आणि जानेवारीलाही. अर्ज पाच-सहा महिने आधी जातो, कारण शाळा तुमच्या वतीनं जपानी इमिग्रेशनकडे पात्रतेचं प्रमाणपत्र मागते आणि ते हातात आल्यावर मग इथे व्हिसाचा अर्ज करायचा. त्याआधी थोडी जपानी आली पाहिजे: जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात खालची पातळी एन-5, किंवा 150 तास शिकल्याचा दाखला. कोल्हापूरहून पुणं जवळ आहे. पुण्यात जपानी शिकवणारे खंडीभर वर्ग आहेत, परीक्षेचं केंद्रही आहे. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. शाळेची फी वर्षाला सात ते नऊ लाख येन. शिवाय खर्च पेलतो हे दाखवायला बँकेतली शिल्लक किंवा पालकांची हमी लागते. आणि 'या वयात भाषा कशाला शिकायची' याचं एक पत्र लिहावं लागतं. तुम्ही लेखक आहात, पण ते पत्र साहित्य करू नका. गिऱ्हाइकांची नावं, पुढचा बेत, तारखा. बस्स.

आता कामाच्या परवानगीबद्दल, कारण इथे लोक हमखास घसरतात. विद्यार्थ्याला आठवड्याला 28 तास कामाची सरसकट परवानगी मिळते. विमानतळावरच अर्ज करता येतो आणि झाइर्यू कार्डाच्या, म्हणजे निवासी ओळखपत्राच्या, मागच्या बाजूला शिक्का बसतो. सगळ्यांना वाटतं, झालं, आता लिहायला मोकळे. पण ती परवानगी ज्या कामाचे तास मोजता येतात त्यासाठी आहे: दुकान, हॉटेल, गोदाम. मुक्त लेखनाचे तास कोण मोजणार? त्यासाठी वेगळी, त्या-त्या कामापुरती परवानगी काढावी लागते. मी त्यासाठी शिनागावाच्या इमिग्रेशन कचेरीत गेले होते. दोन गिऱ्हाइकांचे करार, दर महिन्याला काय लिहिणार, किती मिळणार, याचं जपानी भाषांतर जोडलं होतं. थांबावं लागलं, पण मिळाली. तुमची गिऱ्हाइकं सही-शिक्क्याचा करार देतील का, हे आजच विचारा. व्हॉट्सॲपवरचं 'हो सर, पाठवा' तिथे कागद म्हणून चालणार नाही.

कराचंही एक गणित आहे. जपानात बसून केलेलं काम, पैसे मुंबईहून मुंबईच्या खात्यात आले तरी, जपानच्या कायद्याच्या नजरेत जपानात कमावलेलं असतं. तिथलं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, विवरणपत्र 16 फेब्रुवारी ते 15 मार्च. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, आणि इथे तुम्ही निवासी ठरता की नाही ते 182 दिवसांवर बघतात. दोन्ही देशांत कराचा करार असल्यानं दोनदा कर भरावा लागू नये, पण तो लाभ आपोआप मिळत नाही, कागद करावे लागतात. जाण्यापूर्वी अशा सीएला भेटा ज्यानं परदेशी उत्पन्नाची प्रकरणं हाताळली आहेत. मी शेजारच्या ओळखीच्या सीएकडे गेले आणि पुढच्या वर्षी ते सगळं निस्तरायला दुसऱ्याला दुप्पट पैसे दिले. आणखी एक: 1 जानेवारीला ज्याचा पत्ता जपानात असतो त्याला आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर स्थानिक रहिवासी कर लागतो. ते बिल जूनच्या सुमारास येतं, जेव्हा आपण ते विसरलेलो असतो.

जपानी प्रकाशनासाठी लिहिलंत तर मानधनातून 10.21 टक्के आधीच कापून घेतात. विवरणपत्र भरलं की कापलेल्यातलं बरंचसं परत मिळतं, म्हणून कपातीच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. मानधन अजूनही काही ठिकाणी 400 अक्षरांच्या कागदावर मोजतात, चौकटी आखलेल्या कागदाच्या जमान्याची ती खूण. आणि तिथले संपादक अतिशय विनयानं बोलतात, पण मानधनाचा आकडा काम संपेपर्यंत ओठांवर येत नाही. माझा एक लेख छापून आला तरी किती मिळणार हे मला ठाऊक नव्हतं, आणि मिळाले तेव्हा वाटलं, ठाऊक नव्हतं तेच बरं होतं. नोव्हेंबर 2024 पासून मुक्त व्यावसायिकांसाठी कायदा झालाय: अटी लेखी द्यायच्या आणि काम हाती पडल्यापासून 60 दिवसांत पैसे. त्यामुळे आता विचारायला संकोच नको.

आता पैशाचा हिशेब. 100 येनला 60 रुपये धरू. दर हलतो, पण आखणीला एवढं पुरे. तोक्योत सामायिक घरातली खोली 55 ते 65 हजार येन. स्वतः रांधलं तर जेवण 30 ते 35 हजार. फोन, रेल्वे, किरकोळ मिळून 15 हजार. आरोग्य विमा सक्तीचा आहे. पहिल्या वर्षी तिथलं जुनं उत्पन्न नसल्यानं हप्ता अगदी कमी, मला महिन्याला दोन-अडीच हजार बसत होता, आणि दवाखान्यात खर्चाच्या 30 टक्केच भरावे लागतात. निवृत्तिवेतनाचा हप्ताही 20 ते 59 वयाच्या सगळ्यांना लागू, तो 17 हजारांच्या घरात. कमी उत्पन्न दाखवून माफीचा अर्ज करता येतो, तो पत्ता नोंदवायला जाल त्याच दिवशी करून टाका. हे झाले सव्वा लाखाच्या आसपास. त्यात शाळेची फी महिन्यावर पसरली तर आणखी 65-70 हजार. म्हणजे महिन्याला दोन लाख येन, आपले एक लाख वीस हजार. वर्षाचे साडेचौदा लाख रुपये, आणि यात फिरणं आणि विमान नाही.

तुमची कमाई पूर्ण टिकली तर वर्षाला 7 लाख 80 हजार आणि शिल्लक आठ लाख. कागदावर जमतंय. पण पहिल्या तीन महिन्यांत कमाई टिकत नाही; माझी निम्म्यावर आली होती. शिवाय सुरुवातीलाच घराची अनामत, शाळेची सहामाही फी, विमान, हिवाळ्याचे कपडे असं एकदम जातं. त्यामुळे मी म्हणेन, आणखी चार-पाच लाख जमवा, किंवा तोक्यो-ओसाका सोडून फुकुओका किंवा ओकायामासारखं शहर घ्या. तिथे भाडं चांगलंच उतरतं.

तिसरा मार्ग 'बाइतो', म्हणजे अर्धवेळ काम. तोक्योत किमान वेतन आता तासाला 1,200 येनांच्या वर गेलंय. मी संध्याकाळी चार दिवस, तीन-तीन तास, बेंतोच्या म्हणजे डबे विकणाऱ्या दुकानात होते. पैशापेक्षा मला तिथल्या मालकीणबाईंनी जास्त दिलं. पुस्तकातली जपानी मी शाळेत शिकले आणि 'आज उरलेलं घेऊन जा, पण काल नेलेला डबा धुऊन आण' ही जपानी तिथे. लेखकाला दुसरीच जास्त उपयोगी.

आता तुमच्या बेतातल्या त्या भागाकडे येते, ज्याच्याशी मी मनापासून असहमत आहे: दर महिन्याला नवं गाव.

मीही तसंच ठरवून गेले होते. शाळा सोमवार ते शुक्रवार सकाळची, म्हणून प्रत्येक शनिवार-रविवार बाहेर. निक्को, कामाकुरा, हाकोने, कावागोए. नोव्हेंबरात लाल पानांसाठी क्योतोला रात्रीच्या बसनं दोनदा. डिसेंबरअखेर माझी हजेरी 82 टक्क्यांवर आली, दोन लेख उशिरा गेले, एक गिऱ्हाईक गेलं, आणि वर्गशिक्षिकेनं अतिशय गोड आवाजात बोलावून सांगितलं की 80 च्या खाली गेलात तर मुक्काम वाढवताना अडचण येईल. माझ्या वहीत तेव्हा काय होतं? चौदा गावांची नावं आणि प्रत्येकापुढे एक-दोन ओळी, ज्या कुठल्याही माहितीपत्रकात सापडतील. पानं लाल होती. मंदिर शांत होतं. सूप गरम होतं.

जानेवारीपासून मी राहतं घर आणि त्याच्या चार स्टेशनांचा परिसर एवढंच ठेवलं. मी निशी-कासाईला राहत होते, एदोगावा वॉर्डात. तिथे 2000 च्या आगेमागे संगणक अभियंत्यांमुळे भारतीय वस्ती वाढली. इमारतींच्या बाल्कन्यांमध्ये साड्या वाळत असतात आणि डाळ-तांदळाची दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर. मला आधी लाज वाटायची, की जपानात येऊन मी भारतीयांतच राहतेय. आणि एप्रिल 2019 मध्ये काय झालं? वॉर्डाच्या निवडणुकीत योगेंद्र पुराणिक निवडून आले, जपानमध्ये निवडून आलेले पहिले भारतीय वंशाचे लोकप्रतिनिधी म्हणून त्यांची बातमी झाली. मूळचे महाराष्ट्रातले, मराठी माणूस. प्रचाराचे फलक माझ्या रोजच्या रस्त्यावर होते. शेजारच्या आजी, ज्या मला कचरा चुकीच्या दिवशी टाकला म्हणून हटकायच्या, त्याच मला विचारत होत्या, की 'योगी' म्हणजे नाव का पदवी? त्या वर्षातला माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख त्या कचऱ्याच्या जागेवरून सुरू होतो. मी क्योतोत असते तर तो मिळाला नसता.

दुसरा लेखही असाच. तोक्योतल्या आसाकुसाला सेन्सोजी देवळाच्या गर्दीत सगळेच जातात. तिथून दहा मिनिटं नदीच्या कडेनं चालत गेलं की मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ लागतं. तिथला देव शोतेन, म्हणजे आपला गणपती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेलेला. मूर्ती दाखवत नाहीत. आणि नैवेद्य मोदकाचा नाही, मुळ्याचा! देवळात पांढऱ्या मुळ्यांचा ढीग, कोरीव कामातही मुळे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हसू आलं, फोटो काढले, निघाले. पाचव्यांदा गेले तेव्हा तिथे नेमानं येणाऱ्या एका दुकानदारानं स्वतःहून बोलायला सुरुवात केली, धंद्यातल्या नवसाबद्दल. पहिल्या खेपेला हातात फक्त एक गंमत होती. पाचव्या खेपेला दिवाळी अंकाचा लेख झाला. दिवाळी अंकांची आखणी जूनपर्यंत होत असते, हे तुम्हाला सांगायला नको. तिथे बसून कॅलेंडर विसरायला होतं एवढंच.

म्हणून माझं म्हणणं: वर्षभर एक पत्ता, फार तर दोन. फिरणं शाळेच्या सुट्ट्यांत, दोन-तीन लांबच्या खेपांत. त्यासाठी 'सेइशुन 18' हे तिकीट शोधा. नावात 18 असलं तरी वयाची अट नाही. वसंत, उन्हाळा आणि हिवाळ्यात ठरावीक आठवडे मिळतं, साध्या गाड्यांनी देशभर कुठेही. माझ्या वेळी 11,850 येनांत पाच दिवस, हवे ते निवडून. आता ते सलग दिवसांचं झालंय: तीन दिवस 10,000, पाच दिवस 12,050. पर्यटकांचा तो प्रसिद्ध जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पास, तुम्हाला मिळणारच नाही, कारण तो फक्त अल्प मुक्कामाच्या पाहुण्यांना देतात. दुःख नको; ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा पास 29,650 वरून थेट 50,000 झालाय.

मार्च 2019 मध्ये मी त्या तिकिटावर तोक्योहून पहाटे निघून ओकायामाला रात्री पोचले. आतामी, हामामात्सु, तोयोहाशी, ओगाकी, माइबारा, हिमेजी. गाड्या बदलत बदलत. शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, हे अंतर सव्वातीन तासांचं आहे. पण साध्या गाडीत दर तासाला डब्यातली माणसं बदलतात, गणवेश बदलतात, बोलीचा हेल बदलतो. ओगाकीच्या पुढे शेजारच्या बाईंच्या वाक्यांची शेपटं वेगळी ऐकू येऊ लागली तेव्हा मला कळलं, की आता पश्चिम जपान आला. ओकायामाला जायचं कारण अगदी घरगुती होतं: पुण्यात सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतली आहे. लहानपणी मी जिथे भेळ खायचा हट्ट करायचे आणि पहारेकरी नको म्हणायचा, तिचं मूळ बघायचं होतं.

रोजच्या कामाची घडी मात्र जपान छान बसवून देतो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. मुंबईचं ऑफिस दहाला उघडतं तेव्हा तिथे दीड वाजलेला असतो. सकाळची शाळा, दुपारी दीडपासून गिऱ्हाइकं. तुमचे संपादक चहा घेत असतात तोवर तुमचं निम्मं लिहून झालेलं असतं. अमेरिकेच्या गिऱ्हाइकांना मात्र फोनवर गाठायचं तर पहाट किंवा रात्र जाते. तेवढ्यांना आधीच मेलवर आणा.

जाता जाता चार फुटकळ पण त्रासदायक गोष्टी. घर घेताना अनामतीखेरीज 'रेइकिन' नावाची रक्कम मागतात. ती घरमालकाला नजराणा असते, परत मिळत नाही, म्हणून पहिल्या वर्षी सामायिक घरच बरं. उतरल्यावर 14 दिवसांत वॉर्ड कचेरीत पत्ता नोंदवायचा. बँकेला फोन नंबर हवा असतो आणि फोनवाल्याला बँक खातं, हा गुंता पोस्टाच्या बँकेत सगळ्यात लवकर सुटतो. आणि शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, मांस नसलेल्या पदार्थातही दाशी असते, वाळवलेल्या माशाचा अर्क. मिसो सूप, सोबा नूडल्सचा रस्सा, उकडलेली भाजी, सगळीकडे. 'मांस नको' म्हटलं की लोक मान डोलावतात आणि मासा घालतात. त्यांच्या हिशेबी त्यांनी तुमचं ऐकलेलं असतं.

तर सध्या करायचं एवढंच. जमलं तर आधी पंधरा-वीस दिवस पर्यटक म्हणून जाऊन या, काम उरकून, लॅपटॉप घरी ठेवून. जून आणि जुलैचा पूर्वार्ध टाळा. तिथलाही पावसाळा तेव्हाच असतो, आणि कोल्हापूरच्या माणसाला पाऊस बघायला इतक्या लांब जायची गरज नाही. परत आल्यावरही वर्षभर राहावंसं वाटलं तर जपानीचा वर्ग लावा आणि शाळांना लिहायला लागा. एप्रिलचा प्रवेश हवा असेल तर आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत कागद तयार हवेत.

मला तुमच्याकडून दोन गोष्टी कळवा: पदवी कोणत्या विषयातली आहे, आणि मुंबईच्या गिऱ्हाइकांपैकी किती जण वर्षाचा लेखी करार द्यायला तयार आहेत. मग तोक्यो की ओसाका ते बोलू. माझं मत विचाराल तर दोन्ही नाही, पण ते तुमच्या उत्तरानंतर.